'विनापरवाना' म्हटलं की पोलीसच का दिसतो?

पानवेल (सोमवार, रात्री ९.४०)

मंडळी, अडलेय. फोंड्यातल्या आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी लेख करतेय. टीव्हीसाठी राखून ठेवलेल्या, पण कुणी वापरत नसलेल्या लहरी हौशी लोकांना आणि लायसन न काढता वापरणाऱ्यांना खुल्या कराव्यात का, असा विषय. अमेरिकेत २००८ च्या नोव्हेंबरात तसा निर्णय झाला, ब्रिटनमध्ये २०१५ साली परवानगी मिळाली.

माझं वाक्य होतं, 'टीव्हीचा रिकामा स्पेक्ट्रम हौशी व विनापरवाना वापरासाठी खुला'. मुद्रितं तपासणारे आमचे सर मराठीचे निवृत्त शिक्षक. त्यांनी 'विनापरवाना'भोवती तांबडा गोल काढून शेजारी लिहिलं, "गुन्हा खुला कसा करतात?" 'स्पेक्ट्रम'खाली रेघ आणि नुसतंच प्रश्नचिन्ह. या रिकाम्या जागेला इंग्रजीत 'व्हाइट स्पेस' म्हणतात. 'पांढरी जागा' लिहायला हात धजत नाही. काय करू?

लहरी (रात्री १०.०५)

आधी 'हौशी व विनापरवाना' ही जोडी फोडा. मी हौशी रेडिओवाला. आम्ही परीक्षा देतो, लायसन काढतो, 'व्हीयू'ने सुरू होणारं संकेतनाव मिळतं आणि मगच बटण दाबतो. ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हा आमचा एक पट्टा, त्याच्या जरा वर ४७० ला टीव्हीचा पट्टा सुरू होतो. शेजारी आहोत, पण कुंपण ओलांडत नाही. तुमच्या त्या 'व'ने आम्हाला चोरांच्या पंगतीला बसवलंय.

घाटावरची (रात्री १०.१८)

हौशी शब्दाचं नशीबच तसं. हौस मूळ अरबी 'हवस'. मराठीत येताना तिने लाज कमावली, हिंदीत राहिली ती बिघडली. आता 'हौशी' म्हटलं की राज्य नाट्यस्पर्धा आठवते, नाहीतर ज्याला पैसे द्यायचे नाहीत असा गायक.

आणि जत्रेला जाणारे तीन प्रकारचे ना? हौसे, नवसे, गवसे. लहरीबाब हौसे. लायसन नसलेले ते गवसे, जे गवसेल ते घेणारे. पानवेलताई, 'हौशा-गवशांसाठी खुला' असा मथळा द्या!

जुनेदप्तर (रात्री १०.५२)

विनोद पुरे. परवाना फारसी, लायसन इंग्रजी. शासकीय मराठीत 'अनुज्ञप्ती' आहे. म्हणून 'अनुज्ञप्तिमुक्त'. अर्थ नेमका, गुन्ह्याचा वास नाही. स्पेक्ट्रमला 'वर्णपट' शाळेपासून आहे.

सत्तरीकर (रात्री ११.१०)

अनुज्ञप्ती! सासुरवाडीला कोल्हापूरला गेलो होतो तेव्हा भाच्याच्या कागदावर 'शिकाऊ अनुज्ञप्ती' वाचलं. त्याला विचारलं हे काय. म्हणाला, "मामा, लर्निंग लायसन." पोरगा कागद हातात धरून भाषांतर करत होता.

आणि वर्णपटात वर्ण म्हणजे रंग. रेडिओच्या लहरींना कसला रंग?

लहरी (रात्री ११.१६)

वर्णपट निदान परवडला. पेपरांत 'ध्वनिलहरींचा लिलाव' छापून येतं तेव्हा पोटात कळ येते. रेडिओलहर म्हणजे ध्वनी नव्हे हो! ध्वनीला हवेसारखं माध्यम लागतं, हिला काही लागत नाही. 'तरंगपट्टा' म्हणा, 'वारंवारता पट्टा' म्हणा.

खाजन (मंगळवार, सकाळी ७.३०)

'पट्टा' भारी. जमीन कसायला दिली की तोही पट्टाच, म्हणजे लीजही त्यात आली आणि रुंदीही. बाकी 'लिलाव' कशाला? आमच्या गावात मानशीची पावणी होते. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेताच्या, बांधाला पाणी आत-बाहेर सोडायची जी मानस असते, लाकडी दारांची, तिथे मासे धरायचा हक्क वर्षासाठी बोली लावून देतात. पाणी कुणाच्या बापाचं नाही, हक्क तेवढा विकायचा. स्पेक्ट्रमची गोष्ट हुबेहूब तीच. कोमुनिदादला, गावच्या जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेला, विचारा.

जुनेदप्तर (सकाळी ८.०२)

पावणी कोकणी. लेख मराठी आहे.

खाजन (सकाळी ८.०४)

मग लिलाव कुठला? अरबस्तान-पोर्तुगाल फिरून आलेला म्हणतात. त्याला दारात पाट आणि पावणीला अंगणात उभं?

सत्तरीकर (सकाळी ९.२०)

भांडू नका, 'पांढरी'बद्दल महत्त्वाचं राहिलंय. गावाच्या भाषेत काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती. 'पांढरीची आण' घेतात ती गावाची. तेव्हा 'पांढरी जागा' लिहिलंत तर जुना वाचक समजणार की तिथे घरं आहेत! इंग्रज ज्याला रिकामं म्हणतो ते आपल्याकडे भरलेलं. 'कोरी' म्हणावं तर कोरा चहा काळा असतो.

त्यापेक्षा मुंग्या आठवा. वाळपईला आमच्या माडाला बांबू बांधून त्यावर अँटेना होता. मी वर, बहीण खिडकीत, आई टीव्हीपुढे. आई म्हणे "मुंग्या!", बहीण ओरडे "मुंग्या!", मी बांबू फिरवे. त्या मुंग्या दिसतात तोच तुमचा रिकामा चॅनल. 'मुंग्यांचा पट्टा' म्हणा, चाळिशीपुढच्या प्रत्येकाला कळेल.

घाटावरची (सकाळी ९.४१)

आणि चाळिशीच्या आतला वाचक डास-मुंग्यांच्या औषधाचा लेख म्हणून पान उलटेल.

लहरी (सकाळी १०.१५)

मुंग्या म्हणजे रिकामा चॅनल, हे अर्धंच खरं. वाळपईत मुंग्या दिसल्या तरी त्याच चॅनलवर डोंगरापलीकडे कुणी टीव्ही बघत असेल. म्हणून अमेरिकेच्या नियमात यंत्राने आधी आपली जागा सांगून नोंदवहीला विचारायचं, की इथे कुठला चॅनल मोकळा आहे? मूळ मालक आला की उठायचं. टीव्हीच्या लहरीला एवढी किंमत का, तर ५०० मेगाहर्ट्झची लहर हातभर लांब, साठ सेंटीमीटर. झाडी, भिंत, डोंगराची कड तिला वायफायइतकी नडत नाही. २४०० वाली वायफायची लहर साडेबारा सेंटीमीटर, दोन माडांत धापा टाकते.

आपल्याकडे पालघरजवळच्या खेड्यांत आयआयटी मुंबईने याच पट्ट्यातून इंटरनेट नेऊन पाहिलं. त्यांनी मोजलं तेव्हा ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमधल्या १५ चॅनलपैकी निदान १२ जवळपास सगळीकडे मोकळे होते. एकेक चॅनल ८ मेगाहर्ट्झचा. जमिनीवरून प्रक्षेपण करणारं एकटं दूरदर्शन, मग दुसरं काय होणार?

खाजन (सकाळी १०.४०)

म्हणजे पडंग! शेत आहे, मालक आहे, नांगर नाही. 'पडंग लहरी'. आणि वापरणारा मुंडकार, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा.

सत्तरीकर (सकाळी १०.५५)

मुंडकार कसा? १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला घरातून सहज उठवता येत नाही. इथे मालक खाकरला की उठायचं. हा चर्चच्या फेस्तातला खाजे विकणारा. जागा मोकळी दिसली, पाट मांडला. बँडवाले आले की पाट उचलला.

जुनेदप्तर (सकाळी ११.३०)

'पडीक' हा शुद्ध, रुळलेला मराठी शब्द असताना पडंग कशाला?

कॉलरमाइक (दुपारी १.१०)

सगळे 'पडीक' म्हणताय म्हणून बोलतो. नाटकांना आवाज देतो, मराठी आणि कोकणी तियात्र दोन्ही. कॉर्डलेस माइक कुठे चालतात ठाऊक आहे? टीव्हीच्या याच रिकाम्या चॅनलांत. जगभर नाटकवाले वर्षानुवर्षं तिथे गुपचूप संसार करून आहेत. अमेरिकेत २००८ ला हा पट्टा खुला करायला निघाले तेव्हा ब्रॉडवेवाल्यांनी विरोध केला, गायिका डॉली पार्टननेही पत्र लिहिलं. दिसत नाही म्हणून कुणी नाही, असं नसतं.

गेल्या साली एका जत्रेच्या नाटकात शिवाजी महाराजांच्या माइकमधून बाजूच्या मांडवातला तंबोल्याचा आकडा आला. महाराज गंभीर, मागून "टू फॅट लेडीज, एट्टी एट". तेव्हा 'रिकामी', 'पडीक', 'कोरी' काही लिहू नका. 'वरकरणी रिकामी' लिहा.

घाटावरची (दुपारी १.२५)

महाराजांनी पुढे काय केलं?

कॉलरमाइक (दुपारी १.३१)

तलवार काढली. टाळ्या पडल्या.

पानवेल (दुपारी ३.००)

सगळं वाचलं, हसलेही. पण 'विनापरवाना'चं काय? सरांचा गोल अजून तसाच आहे.

घाटावरची (दुपारी ३.२२)

सरांचं म्हणणं वरवर पटतं. विनापरवाना बांधकाम, विनापरवाना दारू, विनापरवाना रेती. या शब्दाच्या मागे नेहमी दंडच येतो. पण दोष 'विना'चा नाही. 'विनामूल्य'मध्ये कुठे गुन्हा आहे? परवाना लागतो आणि घेतला नाही, तो विनापरवाना. परवाना लागतच नाही, त्याला शब्द नाही. घरातलं वायफाय घ्या, त्याचा पट्टा २००५ पासून भारतात लायसनशिवाय आहे. आपण रोज वापरतो आणि त्याला काहीच म्हणत नाही.

खाजन (दुपारी ३.४०)

गोव्यात तरी 'विनापरवाना'ला नाक मुरडू नका. १९५५ च्या नोव्हेंबरपासून ६१ पर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या रानातून, मग कॅसलरॉककडून मुक्तीचा रेडिओ चालवला. पोर्तुगिजांकडून परवाना घेतला होता? आणि परवानावाला होता तो 'एमिसोरा द गोवा', पोर्तुगिजांचा सरकारी रेडिओ. बांबोळीला त्यावर १८ डिसेंबरला बॉम्ब पडले.

जुनेदप्तर (सायं. ५.१५)

त्या कार्याला वंदन. पण तो 'गुप्त' रेडिओ. विनापरवाना म्हणणं त्या माणसांचा उपमर्द आहे.

खाजन (सायं. ५.१९)

उपमर्द कसला? पोर्तुगिजांच्या वहीत ते तेच होते. वही कुणाची यावर शब्द ठरतो, एवढंच म्हणायचंय.

लहरी (सायं. ६.००)

'परवानामुक्त' घ्या आणि मिटवा.

सत्तरीकर (सायं. ६.०८)

परवानामुक्त म्हणजे ज्याचा परवाना सुटला तो? व्यसनमुक्त, कर्जमुक्त, तसा. आधी होता, आता सुटलो. मला तर डोळ्यांपुढे दारूचं दुकान बंद झालेला बार येतो. आणि शायरीत परवाना म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंग. पतंगमुक्त!

पानवेल (रात्री ८.५०)

अंक उद्या सकाळी छापायला जातोय. 'परवान्याची गरज नसलेला वापर' असं लिहून मोकळी झाले. 'हौशी' वेगळ्या वाक्यात नेलं, लहरीबाब खूष व्हा. स्पेक्ट्रमला 'लहरींचा पट्टा' केलं. ओळ लांबली म्हणून खालची भुसारी दुकानाची जाहिरात एक बोट सरकली आणि आता दुकानदाराचा फोन आलाय. सरांनी अजून पाहिलेलं नाही.

खाजन (रात्री ९.१५)

लहरींचा पट्टा ठीक. पण तुमच्या मसुद्यात 'लिलाव' दोनदा आहे, ते तरी पावणी करा. पावणी 'पावणे'वरून असणार, ज्याला बोली पावली तो धनी.

जुनेदप्तर (रात्री ९.४०)

'पावणे'वरून नव्हे. 'प्रापण'वरून असणार.

सत्तरीकर (रात्री ९.४४)

आणि ती मानस की माणस? आमच्याकडे आजी ण म्हणायची.

खाजन (रात्री ९.४५)

तुमच्या डोंगराळ सत्तरीत खाजन आहे कुठे?