मोठ्या चिंचिलाबरोबर लहान पिल्लू कसं ठेवायचं? (फोंडा, एकच एसीची खोली)

फोंडेकरीण:
नमस्कार, माझ्याकडे चार वर्षांची चिंचिला (दाट मऊ केसांचा, उंदराच्या कुळातला पाळीव प्राणी) आहे, मनी, एकटीच वाढलेली. तिला सोबत म्हणून परवा तीन महिन्यांचं पिल्लू आणलं, विकणाऱ्याने फिमेल सांगून दिलंय. हौसेने लगेच मनीच्या पिंजऱ्यात सोडलं तर ती मागच्या पायांवर उभी राहिली, दात कटकट वाजवले आणि सरळ त्याच्यावर मूत उडवलं, पिल्लू कोपऱ्यात ओरडायला लागलं. बाहेर काढलं तेव्हा जखम नव्हती पण शेपटीजवळचे केस झुपक्याने गळालेत, रात्रभर झोप नाही मला. आता सगळे म्हणतात वेगळ्या खोलीत ठेव, पण मे महिन्यात एसीशिवायच्या खोलीत कसं ठेवणार, आमच्याकडे एसी एकाच बेडरूमला आहे.

म्हापसेकर:
ताई, केस गेले ते परत येतात, घाबरली किंवा कोणी पकडली की चिंचिला केस सोडूनच देते. मनीचंही काही चुकलं नाही, तो पिंजरा तिचं घर आहे आणि माद्या नरांपेक्षा अंगाने मोठ्या नि जास्त दादागिरीच्या असतात. एसीशिवाय मात्र अजिबात ठेवू नका. हा अँडीजच्या थंड कोरड्या डोंगरातला प्राणी, त्याला घाम येत नाही, २५ डिग्रीच्या वर त्रास सुरू होतो आणि घामच नसल्याने पंखा लावून काही होत नाही, त्यात आपल्याकडे हवाही दमट. कान लाल दिसले, पसरून पडली की समजायचं ऊन लागतंय. तेव्हा एकाच खोलीत पण दोन टोकांना ठेवा, आधी मनीचं खाणं-साफसफाई, मग पिल्लाचं, मध्ये हात धुवा, कपडे बदला. याला पूर्ण क्वारंटाइन म्हणता येणार नाही हे मान्य, पण उष्माघातापेक्षा बरं. निदान तीन-चार आठवडे असंच, तोवर डस्ट बाथचं, म्हणजे बारीक धुळीत लोळून अंग साफ करतात ते, भांडं वेगवेगळं, कारण बुरशीचा त्रास असला तर धुळीतून लगेच पसरतो आणि पावसाळ्यात तर बोलायलाच नको. विष्ठा तपासून घ्या, जिआर्डिया (आतड्यातला परजीवी) असू शकतो.

डिचोलीची_माई:
गो बाय, वाचून पोटात गोळा आला, कारण माझ्याकडे हेच झालं होतं. मी दोन पिंजरे अगदी चिकटवून ठेवले, म्हटलं ओळख होईल, आणि मोठ्या चिंचिलाने गजातून पिल्लाच्या पायाचं बोट चावलं, ते बोट गेलं. आजही तो पाय बघितला की वाईट वाटतं. म्हणून सांगते, क्वारंटाइन संपल्यावर पिंजरे जवळ आणलेस तरी मध्ये वीतभर जागा सोड. मग काही दिवस त्यांची धुळीची भांडी अदलाबदल कर, अंगाचा वास एकमेकींना लागू दे, त्यानंतर लाकडी मचाणं बदल. भेट नव्या जागी घाल, बाथरूममध्ये चालेल पण कमोडचं झाकण लाव, खाली बसून राहा, जवळ जाड टॉवेल ठेव, हात मध्ये घालू नकोस. एकमेकींवर चढणं, थोडी पळापळ, किरकिर चालतं. रक्त आलं, एकीने दुसरीला कोपऱ्यात दाबून धरलं, की तिथेच थांबव आणि आठवडाभर मागे जा. एकत्र करशील तेव्हा मनीचा पिंजरा धुवून आतली मांडणी बदल, दोन वाट्या, दोन पाण्याच्या बाटल्या, घरट्याला दोन दारं हवीत म्हणजे पिल्लू अडकणार नाही.

म्हापसेकर:
माईंनी सांगितलेलं सगळं बरोबर, एक राहिलं. पिल्लू फिमेलच आहे हे एक्झॉटिक (कुत्रा-मांजर सोडून वेगळे पाळीव प्राणी) बघणाऱ्या डॉक्टरकडून पक्कं करा. चिंचिलात नराला बाहेर लोंबणारी अंडकोशाची पिशवी नसते आणि मादीलाही लघवीच्या जागी छोटा उंचवटा असतो, म्हणून भले भले फसतात. उंचवटा आणि गुद यांच्यात अंतर दिसलं तर नर, चिकटून असेल तर मादी.

फोंडेकरीण:
आज दाखवून आले. नर आहे!! वजन २४० ग्रॅम, विष्ठेचा रिपोर्ट उद्या. आता तर डोकंच बंद पडलंय, माझी मनी फक्त एकटी राहू नये एवढंच वाटत होतं, मला पिल्लं नकोत.

डिचोलीची_माई:
रडू नकोस, वेळेत कळलं हे केवढं बरं झालं. पण आता एकत्र भेटी अजिबात नाहीत, पाच मिनिटांच्याही नाहीत. कोणी नर चार महिन्यांतच तयार होतो, मनी १११ दिवस गाभण राहील आणि व्याल्यावर लगेच परत माजावर येते. नराचं नसबंदीचं ऑपरेशन होतं पण भूल देऊनच करतात, तो जरा मोठा होऊ दे, डॉक्टरांचा हात चिंचिलावर बसलेला आहे का हे आधी विचार, आणि झाल्यावरही कमीत कमी सहा आठवडे वेगळं ठेव. तोपर्यंत समोरासमोर दोन पिंजरे, तेवढीही सोबत पुष्कळ होते त्यांना.

फोंडेकरीण:
ठीक आहे माई. पिंजरा खिडकीच्या बाजूला हलवला, आता दोघांमध्ये आठ-नऊ फूट आहे. लाइट गेली तर म्हणून इन्व्हर्टरवाल्याला फोन केलाय, एसी त्याच्यावर चालेल का विचारलं, आणि तोवर त्यांना गारव्याला बसायला म्हणून फ्रीझरमध्ये फरशीचे दोन तुकडे ठेवलेत. मनी पहिल्यांदाच दुपारभर त्याच्याकडे तोंड करून बसली होती.


म्हापसेकर:
फरशीचं छान केलंत. रिपोर्ट आला की इथे टाका.