तुमच्या बॅगेत काय आहे? गोल्फच्या स्टिक्स, चेंडू आणि त्यांच्या आठवणी

उतारवाट
रविवारी जुन्या बाजारात गेलो होतो. कुलपांच्या ढिगात एक लाकडी ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची गोल्फची स्टिक) आडवा पडलेला. खाली पितळी पट्टी, मानेला गुंडाळलेला काळा दोरा निम्मा सुटलेला. मामाकडे हुबेहूब असाच होता. मामा फौजेत. पावसात खेळून आला की आधी स्टिक पुसायचा, मग बूट काढायचा, कारण हेडमध्ये, म्हणजे खालच्या जाड टोकात, पाणी मुरलं की लाकूड फुगतं. मामी चिखलाच्या पावलांवरून बोलत राहायची आणि हा पुसत राहायचा. ते लाकूड पर्सिमनचं, आपल्या टेंभुर्णीच्या गोतातलं. १९७९ ला टेलरमेडने धातूचा ड्रायव्हर आणला, १९९१ ला कॅलवेची बिग बर्था आली, आणि लाकूड मैदानातून गेलं ते गेलंच.

तर हा चर्चेचा धागा यासाठी. माझं मत आधी सांगून टाकतो: आपल्याकडे लोक हेडवर पैसे घालतात आणि शाफ्टकडे, म्हणजे दांड्याकडे, बघतही नाहीत. ड्रायव्हरच्या हेडला ४६० सीसीची मर्यादा आहे, चेंडूला लागणारा चेहरा किती उसळी देतो यालाही मर्यादा आहे, आणि सगळ्या मोठ्या कंपन्या कधीच्या त्या मर्यादेला जाऊन टेकल्यात. मग तुमच्या-माझ्यात फरक कशाने पडतो? शाफ्ट किती जड, किती लवचिक, किती लांब, आणि हेड जमिनीवर सपाट बसतं का नाही. पाच फूट चार इंचाच्या माणसाला आणि सहा फुटी माणसाला एकच सेट विकतात, तेही वर "प्रीमियम" म्हणून. मला याचा मनापासून राग येतो.

दुसरं म्हणजे आयर्नचे (धातूच्या पातळ हेडच्या स्टिक्सचे) नंबर. मामाच्या सात नंबरच्या चेहऱ्याचा कोन (तो मागे किती कललाय ते) ३५-३६ अंश असायचा. आजच्या बऱ्याच सेटमध्ये तोच सात नंबर २८-३० अंशांचा. म्हणजे जुन्या पाच नंबरवर सात आकडा छापला! चेंडू लांब गेला म्हणून माणूस खूश, आणि खाली पिचिंग वेज आणि सँड वेज (जवळून उंच मारायच्या स्टिक्स) यांच्यामध्ये अंतराची एवढी मोठी दरी.

तुमच्या बॅगेत काय आहे, का आहे, कोणाकडून आलं, लिहा. जुनं असेल तर आवर्जून.

येरवडेकर
ड्रायव्हर घेतलास का ते सांग आधी!!

उतारवाट
घेतला. आता दोरा नव्याने गुंडाळायचाय. चपला शिवणाऱ्यांकडे मेणाचा दोरा असतो तो चालेल असं वाटतंय. कोणी केलंय का?

मु_पो_डॅलस
शाफ्टबद्दल शंभर टक्के. पण त्याआधी लाय अँगल, म्हणजे दांडा जमिनीशी किती उभा राहतो तो कोन. मी इथे फिटिंग करून घेतलं तेव्हा त्या माणसाने चेंडूवर मार्करने उभी रेघ मारली, ती चेहऱ्याकडे करून ठेवली आणि मार म्हणाला. रेघेचा ठसा स्टिकच्या चेहऱ्यावर उठतो. सरळ उठला तर कोन बरोबर. तिरका उठला तर स्टिक तुमच्यासाठी फार उभी आहे नाहीतर फार आडवी. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू फार उभ्या स्टिकने डावीकडे जातो, आडव्या स्टिकने उजवीकडे. कित्येक जण वर्षानुवर्षं स्विंग बदलत बसतात आणि दोष असतो स्टिकच्या कोनात. फोर्ज्ड (ठोकून घडवलेली) आयर्न असेल तर दोन-तीन अंश वाकवूनही मिळतो. मार्कर घरात असतोच, करून बघा.
ऑफिसला पळतो, बाकी रात्री.

सळई
मी चेंबूरचा. आम्ही कॅडीची, म्हणजे खेळणाऱ्यांच्या बॅगा वाहणाऱ्यांची, पोरं. तुम्ही शाफ्टचं वजन म्हणताय, आमची शाफ्ट म्हणजे बांधकामावरची सळई. टोक तापवून ठोकायचं, चपटं करायचं, वाकवायचं. धरायला सायकलची ट्यूब. चेंडू प्लास्टिकचा, कारण खऱ्याने कोणाची तरी काच नाहीतर कोणाचं तरी डोकं फुटलं असतं. दोन घरांच्या मधून, पत्र्यावरून, गटाराच्या पलीकडे, असा आमचा कोर्स. परदेशातून फोटो काढायला लोक यायचे.

सळईला ना स्वीट स्पॉट, ना माफी. मधोमध लागलं नाही तर कोपरापर्यंत झिणझिण्या. म्हणून आमच्यातल्या पोरांचे हात चांगले. पुढे मी आगेवाला झालो, चेंडू कुठे पडतो ते पुढे उभं राहून बघायचं, मग कॅडी. आज स्वतः शिकवतो. नवा माणूस आला की त्याला सांगतो पूर्ण सेट घेऊ नका. एक हायब्रिड (लाकडी घडणीची आणि आयर्न यांच्या मधली), सात नंबर, नऊ नंबर, सँड वेज, पटर (चेंडू लोळवत भोकात घालायची स्टिक). सहा महिने एवढ्यावर खेळा. बाकीच्या स्टिक्स मेंबर लोकांच्या बॅगेत प्लास्टिक न काढता पडलेल्या मी खांद्यावर वाहिल्यात.

उतारवाट
सळई, दादा, यावर तुम्ही वेगळा धागा काढा. मनापासून विनंती.

निळीछत्री
+१ नक्की काढा

श्रावणसर
बॅगेत जास्तीत जास्त १४ स्टिक्सचा नियम अमेरिकेत १९३८ पासून. त्याआधी काही खेळाडू पंचविसाच्या वर घेऊन फिरायचे. कॅडीच्या खांद्याचा विचार करा.

येरवडेकर
आमच्या ग्रुपमधले एक काका अजूनही त्याच काळात आहेत 😄 बॅग उचलायला दोन माणसं लागतात

छावणीतली_मी
मी फौजी घरातली. दर दोन-तीन वर्षांनी बदली आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा कोर्स. बऱ्याच ठिकाणी ग्रीन (भोकाभोवतीचं आखूड गवत) नसायचीच, ब्राउन असायची. वाळूत तेल मिसळून थापलेली गोल जागा. कोणी चालून गेलं की पावलं उमटतात, मग पट करण्याआधी रेघ गुळगुळीत करून घ्यायची. चेंडू जड चालतो. पटरलाही तीन-चार अंश कोन असतो हे मला ब्राउनवर कळलं, तो थोडा जास्त असला की चेंडू वाळूत रुतून न राहता लोळायला लागतो. पुढे गवताच्या ग्रीनवर आल्यावर सगळा हात बदलावा लागला.

आता मुद्द्याचं. "लेडीज सेट". गुलाबी पट्टा, सगळ्यात मऊ शाफ्ट, विषय संपला. मी लहानपणापासून हॉकी खेळलेली, माझ्या मनगटात जोर आहे. मऊ शाफ्टने चेंडू कुठेही जायचा. शेवटी यजमानांच्या जुन्या सेटमधली रेग्युलर ग्राफाइट घेऊन अर्धा इंच कापून घेतली, तेव्हा खेळ लागला. बायकांनी दुकानात आधी स्विंगचा वेग मोजून घ्या म्हणावं. स्टीलची शाफ्ट साधारण १०० ते १३० ग्रॅम, ग्राफाइटची ५० ते ८०. एवढा फरक असताना केवळ बाई म्हणून हातात काहीतरी द्यायचं हे मला पटत नाही.

निळीछत्री
ताई देवळालीला होता का कधी? माझे सासरे तिथे होते

छावणीतली_मी
हो होतो! व्यनि (खासगी निरोप) करते.

डावखुरा
डावखुऱ्यांचं दुःख कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. दुकानात गेलं की "ऑर्डर करावं लागेल". मित्राची स्टिक घेऊन बघू म्हटलं तर एकाचीही चालत नाही. मला तर क्लबमधल्या दोघा-तिघांनी उजव्या हाताने शिक असा सल्ला दिला होता. बॉब चार्ल्सने १९६३ ला ब्रिटिश ओपन जिंकली तेव्हा डावखुऱ्याने जिंकलेली ती पहिली मेजर (सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक). आणि अमेरिकेचा फिल मिकलसन एरवी सगळं उजव्या हाताने करतो, फक्त गोल्फ डावा, कारण लहानपणी वडिलांसमोर उभं राहून त्यांची नक्कल केली. मी ऐकलं नाही कोणाचं, डावाच खेळतो. बॅगेत सगळं सेकंडहँड, पाच वेगवेगळ्या कंपन्यांचं, पण प्रत्येक स्टिकची लांबी आणि लाय मोजून जुळवून घेतलाय.

सळई
डावखुरा भाऊ माझ्याकडे डाव्या हाताची ५६ अंशाची वेज पडून आहे, एकाने सोडून दिली. पाहिजे असेल तर सांगा

डावखुरा
पाहिजे!!! व्यनि केला

आईची_धावपळ
नमस्कार, मुलगा नऊ वर्षांचा आहे, क्लासचे सर म्हणतात सेट घ्या. नवऱ्याचा जुना सेट कापून दिला तर चालेल का? इथे विचारलं तर चालतं ना

मु_पो_डॅलस
चालतं की. पण कापू नका. शाफ्ट कापली की आणखी ताठ होते आणि हेड तेवढंच जड राहतं. मुलं मग अंगाने ओढायला लागतात आणि ती सवय जात नाही. उंचीप्रमाणे मुलांच्या स्टिक्स मिळतात, हलक्या असतात. तीन-चार पुरेत, पूर्ण सेट नको. मुलं दर वर्षी वाढतात, त्यामुळे क्लासमधल्या मोठ्या मुलांच्या आयांना विचारा, सगळ्यांकडे पडून असतात.

आईची_धावपळ
खूप आभार 🙏 कुकर झालाय, परत येते

खाडीवारा
मुंबईच्या दमट हवेत ग्रिप (स्टिक धरायची मूठ) हा सगळ्यात दुर्लक्षित विषय आहे. हजारोंचा ड्रायव्हर आणि ग्रिप काचेसारखी गुळगुळीत. घट्ट धरावं लागतं, घट्ट धरलं की खांदे आखडतात, आणि मग सगळे म्हणतात स्विंग बिघडला. मी अर्ध्या कॉर्डची वापरतो, वरच्या हाताखाली दोऱ्याचा खरखरीत भाग आणि खाली रबर. महिन्यातून एकदा भांड्याचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश. उन्हात वाळवायची नाही, सावलीत. आणि बदलणं काही अवघड नाही, दुहेरी चिकटपट्टी आणि सॉल्व्हंट, घरी होतं. पावसाळ्यात पावसाचे हातमोजे दोन्ही हातांत. ते ओले झाले की जास्त पकडतात, चामड्याचा मोजा बरोबर उलटं करतो.

येरवडेकर
खारघरला खेळता का? तिकडे पावसात गेलोय, डोंगर काय दिसतो! शॉट मारायचं विसरायला होतं

खाडीवारा
हो खारघरच. सकाळी लवकर या एकदा, नंतर पोहे माझ्याकडून.

श्रावणसर
पावसाचा विषय निघालाय तर वेजच्या बाउन्सबद्दल. सँड वेज आपण ज्याला म्हणतो ती जीन साराझेन या खेळाडूने घडवली, १९३२ ची ब्रिटिश ओपन त्याने ती घेऊन जिंकली. खालच्या बाजूला धातू वाढवून असा फुगवटा दिला की धार वाळूत घुसण्याऐवजी सरकते. तो फुगवटा म्हणजे बाउन्स, अंशात लिहिलेला असतो. आपल्याकडे वेज घेताना लोक ५६ बघतात आणि त्याच्या शेजारचा आकडा बघत नाहीत. जुलैत मऊ जमिनीवर १२-१४ बाउन्सची वेज सोन्यासारखी. तीच एप्रिल-मेमध्ये, पुण्याची जमीन कडक झाल्यावर, आपटून उसळते आणि चेंडूच्या डोक्यावर बसते. तेव्हा ६-८ ची बरी. माझ्याकडे दोन ५६ आहेत, ऋतूप्रमाणे एक आत एक बाहेर. नवा ड्रायव्हर घेण्यापेक्षा यात पैसे घालावेत असं मी सगळ्यांना सांगत असतो.

उतारवाट
श्रावणसर, हे फार कामाचं लिहिलंत. ऋतूप्रमाणे वेज बदलायचं डोक्यातच आलं नव्हतं कधी.

बारावा_खेळाडू
मी गोल्फ खेळत नाही, क्रिकेटवाला. पण वाचतोय आवडीने. बॅट घेतानाही लोक स्टिकर बघतात, हातात तोल कसा बसतो ते बघत नाहीत. चालू द्या.

छावणीतली_मी
पटरवर कोणीच नाही? अर्धा खेळ तिथे आहे. माझा पिंग कंपनीचा जुना अँसर. पिंगवाला कार्स्टन सोलहाइम इंजिनिअर माणूस, त्याने वजन मधून काढून दोन्ही टोकांना नेलं, म्हणजे चेंडू जरा बाजूला लागला तरी हेड वळत नाही. १९६६ चा आकार, आणि आज कुठल्याही दुकानात जा, निम्मे पटर त्याच घडणीचे. टायगर वुड्सचाही त्याच वळणाचा.

टोकियो ऑलिंपिकला आपल्या अदिती अशोकचा शेवटचा दिवस कोणी पाहिला होता? आम्ही सगळे पहाटेपासून टीव्हीसमोर. तिचा ड्राइव्ह बाकीच्यांपेक्षा कितीतरी मागे पडायचा, दुसरा शॉट लांबून मारावा लागायचा, आणि पटरच्या जोरावर ती चौथी आली. पदक एका शॉटने गेलं. बॅग आईच्या खांद्यावर. मी त्या दिवशी खूप रडले.

निळीछत्री
पाहिला होता. आमच्याकडे कोणाला गोल्फ कळत नाही तरी सगळे उभे होते शेवटच्या होलला

येरवडेकर
पुरुषांत अनिर्बान लाहिरी आणि आपला पुण्याचा उदयन माने होते. लाहिरीचा जन्मही पुण्याचा बरं का.

सळई
आमच्यासाठी एस.एस.पी. चौरसिया. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये वडील ग्रीनकीपर (मैदानाची निगा राखणारे), तिथेच वाढला. लांब मारणारा नाहीच. ग्रीनच्या आसपास त्याचे हात बघा. दोनदा लागोपाठ इंडियन ओपन जिंकली, २०१६ आणि २०१७. पोरांना मी त्याचेच व्हिडिओ दाखवतो

मु_पो_डॅलस
रात्री येतो म्हटलं होतं. चेंडूबद्दल राहिलंय. बहुतेक जण दर खेळाला वेगळा चेंडू लावतात, मिळेल तो. कडक सर्लिन आवरणाचा ग्रीनवर पळतो, युरेथेनचा थांबतो. एकदा हा, एकदा तो, मग चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) किती मारायची हे हाताला कळणार कसं? महाग नको, पण एकच ठरवा. तळ्यातून काढलेले चेंडू विकतात ते सरावाला छान, ग्रीनभोवतीच्या अंदाजाला नाहीत.
उतारवाट, मामांचे जुने चेंडू आहेत का? जुना ब्रिटिश चेंडू ४१ मिमीचा, आताचा किमान ४२.६७. वाऱ्यात तो छोटा मस्त कापत जायचा म्हणतात.

उतारवाट
डब्यात आहेत काही. मोजून सांगतो, व्हर्निअर शोधावा लागेल.

कोकणमेवा
एक धोक्याची सूचना. ऑनलाइन निम्म्या किमतीत नवा सेट दिसला की थांबा. माझ्या भावाला असा आला, नाव मोठ्या कंपनीचं, तिसऱ्या दिवशी रेंजवर (सरावाच्या मैदानावर) सात नंबरचं हेड निघून पुढे गेलं. सुदैवाने पुढे कोणी नव्हतं. विकणाऱ्याचा फोन बंद. अनुक्रमांक, फेरूलचा (हेड आणि शाफ्ट जिथे मिळतात तिथल्या कड्याचा) जोड, ग्रिपवरची छपाई बघा, आणि शंका आली तर घेऊ नका.

निळीछत्री
बापरे. भाऊ ठीक आहे ना?

कोकणमेवा
हो हो ठीक. आता दादाला सळईदादांकडे पाठवते शिकायला 🙂

आईची_धावपळ
परत आले. क्लासमध्ये विचारलं, एका ताईंकडे तीन स्टिक्स मिळाल्या, उंचीला बरोबर आहेत! पटर नाही त्यात. पटर मोठ्यांचा कापला तर चालेल की तोही नको?

छावणीतली_मी
पटर चालेल गं. डोळे चेंडूच्या वर येतील एवढी लांबी ठेव आणि हेड फार जड नको. कापण्याआधी मुलाला उभं करून खूण कर, अंदाजाने कापू नकोस.