प्रतिसाद: घाटात होडी ओढताना गिअरबॉक्स तापतो
मालवणहून ट्रेलरवर होडी घेऊन आंबोली चढताना ऑटोमॅटिक डिझेल पिकअपचा गिअरबॉक्स तापतो, असं वर विचारलंय. त्यावर केबिनचा हीटर लावायचा सल्लाही आलाय. हीटरने इंजिनाला थोडा आराम मिळेल, गिअरबॉक्सला फारसा नाही. खरी उष्णता टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) होते. लॉक-अप (दोघांना थेट जोडून ठेवणारा क्लच) सुटलं की इंजिनाची काही ताकद नुसतं तेल घुसळण्यात जाते. म्हणून घाटाच्या पायथ्याचं दाणोली सोडल्यावर 'डी'च्या भरवशावर राहू नका. मॅन्युअल मोडला खालचा गिअर धरा, आरपीएम २०००च्या वर राहू द्या. डिझेलला टॉर्क आहे म्हणून वरच्या गिअरमध्ये रेटत नेतात, तिथेच लॉक-अप सुटून घोळ होतो.

गिअरबॉक्सचं तेल ८०-९५ अंश सेल्सिअसमध्ये असेल तर बिनधास्त चला. १२०च्या पुढे गेलं तर रुंद जागा बघून थांबा (धबधब्यापाशी नको, पावसाळ्यातल्या रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते). 'पी'मध्ये टाका, पण इंजिन चालू ठेवा; पंप फिरला तरच तेल ते थंड करणाऱ्या कूलरमधून जाईल. वेगळा कूलर बसवलात तर होडी पाण्यात सोडून आल्यावर तो गोड्या पाण्याने धुवा, खारं पाणी जाळीला सोडत नाही. आणि तेलाला करपल्यासारखा वास आला तर आधी ते बदला, कूलरचं नंतर.