ऑफिसात जोहर आणि असर (दुपारची आणि दुपारनंतरची नमाज) : घाई न होता, पाठीलाही आराम मिळेल अशी कशी पढावी?

प्रश्न : खातेवही_सांगली
अस्सलामु अलैकुम. मार्केट यार्डाजवळच्या ऑफिसात हिशेबाचे काम आहे, वेळ दहा ते सहा. जेवणाची सुट्टी एक ते दीड. संध्याकाळपर्यंत मान आणि कंबर धरते. नमाजातल्या हालचालींनी बसून काम करणाऱ्याला फायदा होतो असे सगळे म्हणतात, पण अर्ध्या तासात वजू (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणे), जोहर आणि डबा उरकताना ती नुसती उठबस होते. वेळ कशी बसवावी? वजूसाठी बेसिन एकच आहे, त्याचेही सांगा.

उत्तर : मिरजेचा_मुसल्ली
वालेकुम अस्सलाम. आधी वेळेचे बघू. सांगलीत जवाल (सूर्य माथ्यावरून ढळण्याची वेळ) वर्षभरात साधारण सव्वाबारा ते पाऊण या दरम्यान सरकतो. म्हणजे एक वाजता जोहरची वेळ बाराही महिने लागलेली असते. डबा उघडण्याआधी नमाज पढा. चार सुन्नत (पैगंबरांच्या रिवाजातल्या), चार फर्ज (सक्तीच्या), दोन सुन्नत या दहा रकात (नमाजाची आवर्तने) निवांत पढल्या तरी बारा-पंधरा मिनिटे लागतात. भूक कडकडून लागलेली आणि ताट समोर वाढलेले असेल तर आधी जेवावे असे हदीसमध्येच आहे, कारण मन ताटात राहते. पण मग दोन घास कमीच खा. भरल्या पोटी सजद्यात (कपाळ जमिनीला टेकवायला) गेले की आंबट पाणी वर येते.

हनफी (इस्लामी धर्मशास्त्राची एक शाखा) हिशेबाने असर डिसेंबरात साडेचारच्या सुमाराला लागते, जूनमध्ये सव्वापाचला. तिच्या फर्ज फक्त चार. चहाच्या वेळेत सहा-सात मिनिटांत होतात. ‘घरी जाऊन पढतो’ म्हणू नका. हिवाळ्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, आणि ऊन पिवळे पडेपर्यंत असर लांबवणे मकरूह (नापसंत) आहे.

वजू सुट्टीत करायचाच नाही. पाऊण वाजता लघवीला उठाल तेव्हाच करून या, म्हणजे एकच फेरी होते. बेसिनमध्ये पाय वर घेऊ नका. फरशी ओली होते, कोणी घसरते आणि मग कुरबुर सुरू होते. हात, तोंड, मसह (डोक्यावरून ओला हात फिरवणे) बेसिनवर करा आणि पाय बाथरूममध्ये तांब्याने धुवा. पाऊण-एक लिटर पाणी सगळ्याला पुरते. छोटा टॉवेल आणि रबरी चप्पल टेबलाखाली ठेवा. चामडी मोजे पूर्ण वजू करून घातले असतील तर मुक्कामी माणसाला एक दिवस-रात्र त्यांवर मसह चालतो. साध्या सुती मोज्यांवर चालत नाही.

उत्तर : सांधे_आणि_स्नायू
फिजिओथेरपीच्या बाजूने लिहितो. तीन-चार तास बसल्यावर मांडीच्या पुढचे स्नायू आखडतात, पोटऱ्या स्थिर राहिल्याने पायातले रक्त वर ढकलले जात नाही, आणि खांदे पुढे झुकतात. नमाज यातले बरेचसे मोडते, पण प्रत्येक स्थितीत थांबलात तरच. धर्माच्या अंगाने यालाच तादील-ए-अरकान म्हणतात : रुकू (कंबरेत वाकणे), कौमा (रुकूनंतर सरळ उभे राहणे), सजदा, जलसा (दोन सजद्यांमधली बैठक) या प्रत्येकात किमान एकदा ‘सुब्हानल्लाह’ म्हणण्याइतके शरीर स्थिर झाले पाहिजे. घाईत ते राहून जाते. नमाजातही उणीव राहते आणि स्नायूही सैल होत नाहीत.

सगळ्यात जास्त चुकतो तो रुकू. पाठ कमानीसारखी वाकवून हात मांडीवर टेकवतात. त्याने ताण कंबरेच्या मणक्यांवर येतो. वाकायचे खुब्यातून. तळवे गुडघ्यांवर, बोटे पसरलेली, डोके आणि पाठ एका रेषेत. मांडीची मागची बाजू ताणलेली जाणवली की बरोबर. तीन तसबीह (अल्लाहच्या स्तुतीचे शब्द) सावकाश म्हणा. कौम्यात पूर्ण सरळ व्हा. बरेच जण अर्धवट उठून तसेच सजद्यात जातात, आणि दिवसभर वाकलेली पाठ तिथेही वाकलेलीच राहते.

सजद्यात आधी गुडघे, मग हात, मग नाक आणि कपाळ. उठताना उलटे. गुडघे दुखत असतील तर हात आधी टेकवायला हरकत नाही. भार तळव्यांवर घ्या, मानेवर नको. पायाची बोटे वळवून जमिनीला टेकलेली हवीत. खुर्चीत निपचित पडलेल्या पावलांना तोच ताण लागतो. जानमाजखाली (नमाजाच्या चटईखाली) जाड फोम घालू नका. कपाळ रुतत राहते, आणि सजद्यात कपाळाला जमिनीचा टणकपणा लागायला हवा. पातळ सतरंजी पुरे.

रक्तदाबाची गोळी चालू असेल तर सजद्यातून एकदम उठू नका, चक्कर येते. काचबिंदू असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा, डोके खाली गेल्याने डोळ्यातला दाब वाढतो.

आणि हे चालण्याला पर्याय नाही. धाप लागेल असा व्यायाम यात नाही. संध्याकाळी अर्धा तास झपझप चालणे वेगळे हवेच.

उत्तर : विश्रामबाग_आपा
बायकांसाठी एक भर. हनफी पद्धतीत आपला सजदा आखडून असतो, कोपरे जमिनीवर, पोट मांडीला लागलेले. कायद्यात (नमाजातल्या बैठकीत) दोन्ही पाय उजवीकडे काढून बसतो. त्यामुळे डाव्या खुब्यावर भार जास्त येतो. तिथे दुखत असेल तर बैठक बदलण्याची सवलत आहे. जुम्मा (शुक्रवारची सामूहिक नमाज) आपल्यावर फर्ज नाही, शुक्रवारीही ऑफिसात जोहरच पढायची.

दादा, तुम्ही मात्र शुक्रवारची सुट्टी आधीच बोलून ठेवा. खुतबा (प्रवचन) आणि जमात (एकत्र नमाज) धरून अर्धा तास पुरत नाही. शनिवारी तेवढा वेळ भरून देतो असे साहेबांना सरळ सांगितले तर बहुतेक ठिकाणी अडत नाही.

खातेवही_सांगली
शुक्रिया. एकच राहिले. रेकॉर्ड रूममध्ये जागा मिळते आहे, पण मोबाईलचा किबला (नमाजात तोंड करायची काबाची दिशा) रोज वेगळीच दिशा दाखवतो. आणि गुडघ्याचे ऑपरेशन झालेले एक सहकारी आहेत, त्यांनी टेबलावर कपाळ टेकवले तर?

मिरजेचा_मुसल्ली
लोखंडी कपाटांमुळे होकायंत्र फिरते. मोबाईल उघड्यावर नेऊन, हवेत आठचा आकडा काढून मग बघा. सांगलीहून किबला ठीक पश्चिमेच्या साधारण तेरा-चौदा अंश उत्तरेला येतो. एकदा दिशा नक्की झाली की फरशीवर खडूने रेघ मारून ठेवा. थोडाफार फरक पडल्याने नमाज बिघडत नाही.

सहकाऱ्यांना जमिनीवर सजदा जमतच नसेल तर खुर्चीवर इशाऱ्याने पढावी, सजद्याची मान रुकूपेक्षा जास्त खाली. टेबलाची गरज नाही. खुर्ची मात्र चाकांची नको.