जिप्सीच्या मागच्या डिफ्रन्शलमधनं पांढरा रस्सा निघाला, आता कुठलं ऑईल घालू?

बावड्याचा_जिप्सीवाला:

राम राम मंडळी. माझ्याकडं २००८ ची जिप्सी आहे, एमजी४१३डब्ल्यू, दोन वर्षांमागं गगनबावड्याकडच्या एका पावण्याकडनं घेतली. इंजिन ऑईल मी घरीच बदलतो, पण खालचं सगळं म्हणजे पुढचा-मागचा डिफ्रन्शल (डाव्या-उजव्या चाकाला जोर वाटणारा गिअरचा डबा) आणि मधली ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी), ह्यांना आजवर हात लावलेला न्हाई. आधीच्या मालकाला विचारलं तर म्हणाला ते कशाला काढतोस, एकदा घातलं की आयुष्यभर चालतंय. मी पण ऐकलं, म्हटलं वाचलं तेवढंच काम.

आता झालंय असं की जुलैत आमच्या शेताच्या वाटेवरचा ओढा भरून वाहत होता, गुडघ्याच्या वर पाणी, पण पलीकडं विहिरीवरची मोटर काढायची राहिलेली म्हणून घातली गाडी, दोन-तीन खेपा झाल्या. तेव्हापासनं पन्नास-साठच्या वेगाला मागनं हूंऽऽ असा आवाज येतोय, एक्सलेटर सोडला की जास्तच. त्यात मागच्या पिनियनचं (शाफ्टकडनं डिफ्रन्शलमध्ये येणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचं) ऑईल सील गळतंय. एका गॅरेजमध्ये दोनदा नवीन सील घातलं, दोन्ही वेळा महिनाभरात परत ओलं. काल रविवार होता, म्हटलं बघू तरी, खाली झोपलो आणि मागचा ड्रेन नट खोलला. आधी कपभर पाणीच आलं आणि मग पांढरट, दाट, डिट्टो आपला पांढरा रस्सा, फक्त वास सोडून.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतला दुकानदार म्हणतोय तिन्हीकडं ९० नंबर घाला, डोकं लावू नका. मित्राकडं बटणावर फोर बाय फोर लागणारी गाडी आहे, तो म्हणतोय ट्रान्सफरमध्ये लाल ऑईल जातं. खरं कुणाचं? आणि किती लागतंय? आणि सगळ्यात मोठी भानगड म्हणजे वरचा फिलर नट खोलायला गेलो तर पाना घसरून कडा गोल झाल्या. म्हणजे आता गाडी दारात, मागचा डिफ्रन्शल रिकामा आणि भरायला भोक न्हाई. बायको विचारतीया भाजी आणायला कशानं जाणार आहात.

शाहूपुरी_सँडी:

पांढरा रस्सा ताटात पाहिजे भावा, डिफ्रन्शलमध्ये न्हवं 😂

आता सांगून उपयोग न्हाई पण पुढच्या खेपेला ध्यानात ठेव. आधी फिलर खोलायचा, तो हातात आला तरच ड्रेनला पाना लावायचा. मी पण एकदा हेच करून बसलोय म्हणून हसायचा हक्क आहे मला. रिकामा आहे तोवर गाडी एक फूट पण हलवू नको.

उद्यमनगरचा_पाना:

भाऊ, टेन्शन घेऊ नका. माझं काम हेच आहे, बावीस वर्षं झाली पान्यावर. एकेक बघू.

ऑईलचं आधी. जिप्सीच्या दोन्ही डिफ्रन्शलना ८०डब्ल्यू-९० घ्या पण डब्यावर जीएल-५ लिहिलेलं बघून घ्या. क्राऊन (आतलं मोठं दातेरी चाक) आणि पिनियन हायपॉइड असतात, म्हणजे पिनियनचा मध्य क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली असतो, त्यामुळं दात नुसते एकमेकांवर लोळत न्हाईत तर घासून सरकतात. दातावर दाब येवढा असतो की साधं ऑईल चेपून बाहेर जातं, म्हणून जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसवालं औषध जास्त असतं, ते दातावर पातळ थर धरतं. वास येतो तो त्याचाच. दोन दिवस हाताला राहतो, भाकरी खाताना आठवण येते.

दुकानदार ९० नंबर म्हणतोय ते अर्धं बरोबर. ९० म्हणजे फक्त जाडी. आत औषध किती ते जीएलचा आकडा सांगतो. तुमच्या जिप्सीची ट्रान्सफर गिअरवाली आहे, गिअरबॉक्सपासनं सुटी, मध्ये छोटा शाफ्ट आहे बघा. तिला गिअर ऑईलच लागतं, लाल न्हाई. पण गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरला जीएल-४ घ्या. जीएल-५ चं औषध गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगा (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या) खाऊ शकतं. लोक एकच डबा आणून सगळीकडं ओततात आणि मग गिअर अडकतोय म्हणून आमच्याकडं येतात, आमचं बरंच आहे म्हणा.

किती? मागं दीड लिटरच्या आसपास, पुढं दोन, ट्रान्सफरला लिटरच्या आत. पण माप बघत बसू नका, गाडी सपाट जागेवर उभी करा आणि भोकाच्या कडेवरनं ऑईल बाहेर ओघळायला लागलं की झालं. करंगळी घालून बघितलं तरी कळतं.

फिलर नटाचं म्हणाल तर छन्नीनं ठोकत बसू नका. आमच्याकडं अशा नटावर दुसरा मोठा नट ठेवून आतनं वेल्डिंग मारतात, तापला की गंज सुटतो आणि निम्म्या वेळा हातानं फिरतो. पण ते ज्याचा हात बसलाय त्यानंच करावं, आत ऑईलची वाफ असती. तोवर तुम्हाला गाडी चालवण्यापुरतं ऑईल घालायचं असेल तर हौजिंगच्या (डिफ्रन्शलच्या बाहेरच्या कवचाच्या) वर ब्रीदर असतो, आतली हवा जायला-यायला, टोपीसारखा छोटासा, तो काढून त्या भोकातनं मोजून दीड लिटर घाला. उशीर लागेल पण काम होईल.

आणि एक विचारायचं राहिलं. तो ब्रीदर कधी बघितलाय का?

इचलकरंजी_थारवाला:

पाना भाऊंनी बरोबर सांगितलंय, फक्त मित्राच्या लाल ऑईलबद्दल लिहितो. ज्या ट्रान्सफर केसमध्ये आत चेन असते, त्यात बहुतेक वेळा एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं पातळ लाल ऑईल लागतं. त्यात ९० नंबर ओतलं तर जाड पडतं, थंडीत चेन आणि पंप दोन्हीला जड जातं. म्हणजे तुमचा मित्र त्याच्या गाडीपुरता बरोबर आणि तुम्ही तुमच्या गाडीपुरते. ज्याच्या-त्याच्या गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडायचं, नाहीतर अशी भांडणं लागतात. आणि मागं एलएसडी असेल, म्हणजे आत क्लच प्लेटा असलेला डिफ्रन्शल, तर त्याला वेगळं फ्रिक्शन मॉडिफायर लागतं, पण जिप्सीला तो विषय न्हाई.

पाणी गेलंय तर एकदा ऑईल बदलून भागणार न्हाई. स्वस्तातलं जीएल-५ घालायचं, दहा-पंधरा किलोमीटर हळू फिरवायची, गरम असतानाच काढायचं आणि मग चांगलं घालायचं. परत पांढरं निघालं तर अजून एकदा.

शाहूपुरी_सँडी:

त्यापेक्षा लिटरभर रॉकेल घालून चाक वर उचलून फिरवलं तर? आमच्या गल्लीतला मिस्त्री तसंच करतो.

उद्यमनगरचा_पाना:

करतात लोक, मी न्हाई करत. रॉकेल बेअरिंगच्या फटीत राहतं, नव्या ऑईलला पातळ करतं. हौजिंग खोलून क्राऊन बाहेर काढलाय, सगळं पुसता येतंय, तेव्हा रॉकेलनं धुवा की. बंद हौजिंगमध्ये नको.

आजोबा_एसटी_निवृत्त:

ऑईलचं तुम्ही पोरं बघून घ्या. मी दुसरं सांगतो. गुडघ्याच्या वर वाहत्या पाण्यात गाडी घातली म्हणतोस, ते कशासाठी तर मोटरीसाठी. आपल्याकडं पावसाळ्यात रोज सकाळी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघायची सवय घराघरात आहे, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे शाळकरी पोराला पण पाठ असतं, आणि तरी ओढा बघितला की आपल्या अंगात येतं. बंधाऱ्यावरनं आणि ओढ्यातनं पाणी वाहताना खालचा रस्ता आहे का वाहून गेला हे वरनं दिसत न्हाई. फोर बाय फोर असली तरी चाकाला जमीन लागती तोवरच. मोटर विमा करून घे, नवी मिळंल.

बाकी जुनं ऑईल ओढ्यात ओतू नको म्हणजे झालं.

बावड्याचा_जिप्सीवाला:

आजोबा, चुकलं, परत न्हाई घालणार. आई पण हेच बोलली, फक्त जरा वेगळ्या शब्दांत.

मंडळी आता ऐका. पाना भाऊंनी सांगितलं तसं आज संध्याकाळी ब्रीदर काढायला गेलो. हौजिंगच्या वर सगळा चिखल वाळलेला, घासून काढला तर टोपी दिसली. टोपी हलेना. पक्कडीनं फिरवून काढली आणि खाली बघतोय तर भोक हायच कुठं? आत मातीचं घट्ट बूच. टाचणीनं टोकरलं तर भुसभुशीत माती आणि आत वाळलेल्या कोळ्याचे पाय. कुंभारमाशीनं घर केलंय! त्या पावण्याच्या गोठ्यात ही गाडी वर्षभर उभी होती, तेव्हाचंच असणार. म्हणजे दोन वर्षं माझ्या मागच्या डिफ्रन्शलला नाकच नव्हतं.

भोक साफ केलं, पण नरसाळं बसेना आणि ९० नंबर तर काकवीसारखं उतरतंय. मग आमच्या म्हशीच्या डॉक्टरांकडनं साठ एमएलची सिरिंज आणली, तोंडाला नळी लावली आणि पंचवीस वेळा भरून सोडली. दीड लिटर. तास गेला, मान धरली. गाडी अजून दारातच आहे, उद्या हळूहळू उद्यमनगरला आणू का?

उद्यमनगरचा_पाना:

आणा, आणा. आणि तुमच्या सीलचं कोडं सुटलं बघा.

डिफ्रन्शल चालून चालून चांगलाच तापतो. आतली हवा फुगती, तिला बाहेर जायला ब्रीदर पाहिजे. तो बंद तर हवा सगळ्यात कच्ची जागा शोधती, ती म्हणजे ऑईल सीलचं ओठ. तिथनं ऑईल ढकलून बाहेर. म्हणून नवं सील घाला न्हाईतर सोन्याचं घाला, गळणारच. आणि तोच तापलेला डिफ्रन्शल ओढ्याच्या गार पाण्यात बुडला की आतली हवा एकदम आकसती, बाहेरनं ओढून घ्यायला लागती, ब्रीदर बंद म्हणून ती पण त्याच सीलमधनं ओढती, फरक येवढाच की आता बाहेर पाणी आहे. दोन-तीन खेपा म्हणालात, म्हणजे दोन-तीन घोट घेतलेत तिनं. ज्या गॅरेजनं दोनदा सील बदललं त्यांनी वर हात घालून बघितलं असतं तर तुमचे पैसे वाचले असते, पण खाली झोपलेला माणूस वर बघत न्हाई, आमच्या धंद्यातला रोगच हा.

ब्रीदरला इंधनाची चालणारी रबरी नळी जोडून वर बॉडीत, टेललाईटच्या मागं नेऊन बांधू, टोकाला छोटा फिल्टर. पुढचा आणि ट्रान्सफरचा पण बघून घेऊ, एका माशीनं तीन घरं केली असतील तर सांगता येत न्हाई.

इचलकरंजी_थारवाला:

पुढचं बघताना चाकाच्या आतल्या बाजूचा गोळा (चाक वळतं तिथला) पण बघा भाऊ. जिप्सीच्या पुढच्या गोळ्यात ग्रीस असतं. आतलं एक्सल सील गेलं की डिफ्रन्शलचं ऑईल तिथं येतं, ग्रीस पातळ करतं आणि गोळ्यावर काळं ओघळतं, लोकांना वाटतं ब्रेक ऑईल गळतंय.

बावड्याचा_जिप्सीवाला:

मंडळी, बारा दिवसांनी लिहितोय, उसाच्या गडबडीत होतो.

गाडी नेली. फिलरवर नट वेल्ड केला, लाल झाला, पाण्याचा ओला बोळा लावला, चुर्र झालं आणि पान्याला दुसऱ्याच झटक्यात सुटला. दोन्ही नटांचे वायसर नवे घातले. स्वस्त ऑईल घालून शिरोलीपर्यंत जाऊन आलो, काढलं तर अजून दुधाळ. दुसऱ्यांदा काढलं ते चहासारखं. तिसऱ्यांदा चांगलं घातलं. ड्रेन नटाला चुंबक आहे, त्याला पहिल्या वेळी काजळासारखा मऊ राखाडी लगदा होता, तो चालतो म्हणाले, पण त्यात नखाच्या टोकायेवढे दोन चकचकीत तुकडे होते. ते बघून पाना भाऊ गप्प झाले. मला त्यांचं बोलणं परवडलं असतं.

ट्रान्सफरचं ऑईल काळं पण स्वच्छ, पाणी न्हाई. पुढचं बघितलं, ठीक. पुढचा ब्रीदर मोकळा. माशीला मागचाच आवडला होता.

सील तिसऱ्यांदा नवीन घातलं, बारा दिवसांत कोरडं आहे, बोट फिरवून बघतो रोज सकाळी. आवाज मात्र पूर्ण गेला न्हाई. पूर्वी पन्नासला यायचा, आता साठच्या वर येतोय आणि एक्सलेटर सोडल्यावरच.

उद्यमनगरचा_पाना:

पिनियनचं बेअरिंग आहे ते. पाण्यानं रोलरवर गंजाचे ठिपके पडले की ऑईलनं भरून येत न्हाईत. आत्ता घाई न्हाई, पण ऊस संपला की आणा, क्राऊन बाहेर काढून बेअरिंगचा सेट घालू आणि बॅकलॅश (दातांमधली फट) लावून देतो. आता खोललंच तर परत सीलचा खर्च, ते डोक्यात धरा. तोवर दर हजार किलोमीटरला चुंबक बघा. गाडी रात्रभर उभी असंल तर सकाळी ड्रेन नट दोन आटे सैल करून बघा, पाणी जड असतं, खाली बसलेलं असंल तर तेच आधी टपकतं. ऑईल काढायचं असंल तेव्हा मात्र गरम करूनच काढा.

शाहूपुरी_सँडी:

मी आत्ता माझ्या गाडीखाली जाऊन आलो. ब्रीदरला नळीच न्हाई, नुसती टोपी. आणि ते दुधाळ ऑईल काय केलंस? माझा चुलता बैलगाडीच्या आसाला मागतोय.

बावड्याचा_जिप्सीवाला:

ते पाण्याचं त्याला नको देऊ, आस गंजेल. ट्रान्सफरचं काळं आहे थोडं, डब्यात ठेवलंय, शनिवारी येताना घेऊन येतो. आणि ती सिरिंज अजून माझ्याकडंच आहे, डॉक्टर परत मागत होते, मी म्हटलं आता म्हशीला नको लावू ती.