गाडीची साउंड सिस्टीम: आधी सबवूफर की आधी स्पीकर? माझं मत – आधी दार

खंबाटकीपार

दर शुक्रवारी संध्याकाळी चाकणहून सातारा आणि सोमवारी पहाटे परत, असा माझा पाच वर्षांचा नेम आहे. एका फेरीला तीन तास, खंबाटकीत कोंडी लागली तर चार. आठवड्यातले तेवढेच तास पूर्ण माझे असतात. त्यात मी गाणं ऐकतो, बहुतेक वेळा ख्याल.

कंपनीच्या सिस्टीमवर तंबोऱ्याची जवारी (तारांची झणझण) ऐकू यायची, खर्ज (सगळ्यात खालचा सूर) यायचा नाही. काळी एक ह्या पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर बोलते. माझ्या गाडीच्या दारांतून १०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेरच पडत नव्हतं. तबल्याची चाट टकटक ऐकू यायची, पण डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड (सरकता सूर) कुठेच नाही. आवाज वाढवला की गाणं फाटायचं.

दुकानांत चौकशी केली तर सगळीकडे सल्ला एकच: डिकीत बारा इंची सब (सबवूफर, फक्त खालच्या सुरांचा स्पीकर) टाका, खूश व्हाल. मी उलट्या टोकाने सुरुवात केली. आधी पुढच्या दोन दारांचं डॅम्पिंग केलं, म्हणजे त्यांची थरथर बंद केली. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइल रबराची शीट, आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद, स्पीकरखाली पक्की रिंग. स्पीकर तेच, कंपनीचे. त्या दिवशी घरी येताना पहिल्यांदा डग्गा ऐकला.

कारण साधं आहे. स्पीकरचा पडदा जेवढा आवाज पुढे फेकतो तेवढाच मागे दारात फेकतो, आणि तो उलट्या दिशेचा असतो. दाराला भोकं असली की मागचा आवाज त्यातून पुढे येतो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. पत्रा थरथरतो ते वेगळंच. अशा दारात दहा हजारांचा स्पीकर बसवलात तरी तो तिथे गुदमरणार.

नंतर सहा महिन्यांनी कंपोनंट (बारीक आणि जाड आवाजाचे भाग वेगळे असलेले) स्पीकर, स्पीकरला ताकद देणारा चार चॅनलचा अ‍ॅम्प आणि सगळ्यात शेवटी सीटखालचा आठ इंची सब असं केलं. मागचे स्पीकर कंपनीचेच ठेवले आणि आवाज बराचसा पुढे घेतला. एकूण ४८,५०० रुपये गेले. त्यात दारांचे पाच हजार होते आणि मला सगळ्यात जास्त फरक त्या पाच हजारांनी दिला.

माझं मत ठाम आहे: क्रम दार, पुढचे स्पीकर, अ‍ॅम्प, मग सब. तुमचा अनुभव वेगळा असेल तर सांगा.

डिकीभर

दाराचं पटलं, क्रम नाही पटला. सब आधीच हवा.

एक सप्तक खाली उतरलात की तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला चौपट हलावं लागतं. दारातला सोळा सेंटिमीटरचा कागदी पडदा ६० हर्ट्झला किती हलणार? तुम्ही दार कितीही घट्ट करा, त्याच्या ताकदीबाहेरचं काम त्याच्याकडून करून घेताय. तुमचं गाणं फाटत होतं ते ह्यामुळेच. एकाच पडद्यावर खर्ज आणि गायकाचा मधला आवाज एकदम लादला होता, खर्ज त्याला ओढत होता आणि मधला आवाज त्याबरोबर फाटत होता.

मी फक्त सीटखालचा सब घेतला आणि दारातल्या स्पीकरला मालिकेत ४७० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर लावला. ८५ हर्ट्झच्या आसपासपासून खालचं ओझं स्पीकरवरून उतरलं, ते सबकडे गेलं. कंपनीचेच स्पीकर आता जास्त आवाजातही स्वच्छ वाजतात. अ‍ॅम्प वेगळा नाही, नवे स्पीकर नाहीत, वीस हजारांच्या आत काम झालं. ज्याला तुमच्यासारखे ४८ हजार घालायचे नाहीत त्याने तुमचा क्रम पाळला तर तो सबपर्यंत पोचणारच नाही आणि खर्ज त्याला कधीच मिळणार नाही.

साधा प्रवासी

मला दोन्ही बाजू पटत नाहीत. हा खर्चच करू नये असं माझं मत आहे.

गाडी पाच वर्षांची आहे, विकताना ह्या ४८ हजारांचे कोणी चार हजारही देणार नाही. महामार्गावर काँक्रीटच्या पट्ट्यावर टायरचा जो आवाज येतो तो नेमका खालच्या सुरांचाच असतो. तुम्ही पैसे खर्चून आणलेला खर्ज त्याच आवाजात बुडतो. ख्याल ऐकायचा तर घरी, शांत खोलीत, चांगल्या हेडफोनवर ऐकावा. त्याला ह्याच्या निम्मेही पैसे लागत नाहीत.

आणि मुख्य मुद्दा. गाडी चालवताना मागून येणारी रुग्णवाहिका, घाटात वळणापलीकडून येणारा हॉर्न हे ऐकू यायलाच हवं. माझा एक मित्र ह्याच कारणाने थोडक्यात वाचला आहे. गाडीत इतकं मन लावून ऐकण्याला माझा विरोध आहे.

खंबाटकीपार

@साधा प्रवासी, टायरच्या आवाजाचं खरं आहे. तो जात नाही, पण पुढच्या दारांतून येणारा बराच कमी झाला. म्हणूनच दार पहिलं म्हणतोय. आणि बदल केल्यापासून मी आवाज कमी ठेवतो. आधी आवाजाच्या पट्टीवर २८ ला ऐकायचो, आता १८ ला सगळं कळतं. तेव्हाच्या कर्कश २८ मध्ये हॉर्न ऐकू येत नसे, आता येतो. जोर वाढवायला हे केलेलं नाही.

विकताना पैसे येत नाहीत, कबूल. पण आठवड्याचे सहा तास, वर्षाचे ५० आठवडे. तीनशे तास होतात. ते मला परत विकायचे नाहीत.

@डिकीभर, कपॅसिटरची युक्ती माहीत होती, केली नव्हती. पण एक विचारतो: दाराची भोकं उघडी असताना १०० ते २०० हर्ट्झचं काय? पुरुषी गळ्याचं अंग तिथे आहे. सब तिथे पोचत नाही, आणि पोचवला तर आवाज पायाखालून येतो.

तारमिस्त्री

सतरा वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय. दादा, तुमच्या दोघांच्या वादात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट राहिली.

स्टिरिओवर ५० गुणिले ४ वॅट लिहिलेलं असतं ते विसरा. अ‍ॅम्प नसलेल्या साध्या स्टिरिओला गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट मिळतात. चार ओमच्या स्पीकरला त्यातून खरे पंधरा-वीस वॅट निघतात, भौतिकशास्त्र ह्याहून फार जास्त देत नाही. खोक्यावर आरएमएस (सलग मिळणाऱ्या ताकदीचा) आकडा वाचा, पीक (क्षणभराचा) वाचू नका. नुसते भारी स्पीकर घेऊन कंपनीच्या स्टिरिओला जोडणारे निराश होतात ते ह्यामुळे. भारी स्पीकर बऱ्याचदा जड असतो, कमी वॅटवर तो मूळच्या स्पीकरपेक्षा हळू वाजतो. अ‍ॅम्प लावायचा नसेल तर सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटवर स्पीकर किती मोठा वाजतो तो आकडा) बघून घ्या. ८९ ऐवजी ९२ डेसिबलचा स्पीकर म्हणजे अ‍ॅम्पची ताकद दुप्पट केल्यासारखं आहे.

आता तार. ४०० वॅट आरएमएसचा अ‍ॅम्प पूर्ण जोरात ३५ अँपिअर किंवा जास्तही ओढतो. बाजारात स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार येते. चाकूने खरवडा, आत पांढरी दिसली की परत करा. तशी वापरायचीच तर दोन नंबर जाड घ्यावी लागते. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. इंजिनच्या पत्र्यातून तार आत घेताना रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या धारेवर बसणारी कडी. मागच्या वर्षी एक गाडी आली होती, दुसरीकडे काम केलेली. ग्रोमेट नाही, फ्यूज अ‍ॅम्पजवळ. पत्र्याच्या धारेने तार सोलली आणि डॅशबोर्डमागून धूर आला. गाडीत दोन लहान मुलं होती. त्यांना काही झालं नाही, पण ती तार मी अजून दुकानात टांगून ठेवलीय, प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवतो.

अर्थिंगची तार आखूड, रंग खरवडून थेट पत्र्याला. आरसीए केबल (स्टिरिओतून गाणं नेणारी) एका बाजूने, पॉवरची दुसऱ्या बाजूने, नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरबरोबर शिट्टी वाजते. आणि कंपनीची वायर कापू देऊ नका, प्रत्येक गाडीचा कपलर (न कापता जोडायचा प्लग) मिळतो. वॉरंटीतल्या गाडीला तर अजिबात नाही.

क्रम विचाराल तर माझं मत: दार आणि अ‍ॅम्प एकाच वेळी. दार दोनदा उघडलं की क्लिपा तुटतात आणि खडखड सुरू होते.

रत्नागिरीचा पाऊस

दारावर मिस्त्रींनी लिहिलं नाही ते लिहितो. दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात. काचेच्या पट्टीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते तिथून बाहेर जातं. माझ्या दुकानदाराने उत्साहाने शीट थेट तळापर्यंत चिकटवली. दोन पावसाळ्यांत दाराची खालची कड गंजून हातात आली. दुसरं, रिंग एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) होती. फुगली आणि स्क्रू सुटले. कोकणात प्लास्टिकचीच रिंग घ्या. सबवाले ह्या फंदात पडत नाहीत हा त्यांचा मोठा फायदा आहे, आणि म्हणून माझं मत @डिकीभर ह्यांना.

अकोल्याचं ऊन

शीट ब्यूटाइलचीच घ्या ह्याला दुजोरा. छपराला लावतात ती डांबराची शीट स्वस्त पडते म्हणून मी लावली. मे महिन्यात इथे ४५ अंश असतात, बंद गाडीत त्याहून किती तरी जास्त. शीट घसरून काचेच्या यंत्रणेत अडकली आणि वास आठ महिने गेला नाही.

मागची सीट

इथे सगळे पुढच्या सीटवर बसून बोलताहेत. मी मागे बसते, सासूबाई आणि मुलीसोबत. यजमानांनी डिकीत दहा इंची सब बसवला. त्यांना पुढे तो "छान गोल" ऐकू येतो. आमच्या पाठीला तो धक्का देतो. सासूबाईंना कानात यंत्र आहे, त्यांना तर बोललेलं काही समजेनासं होतं. मुलगी कोल्हापूरपर्यंत कानावर हात ठेवून आली.

आणि @खंबाटकीपार, तुम्ही मागचे स्पीकर कमी करून आवाज पुढे घेतलात. म्हणजे मागच्या माणसाला ऐकू यावं म्हणून तुम्हाला आवाज वाढवावा लागत असेल. तुम्ही एकटे जाता, तुमचं बरोबर असेल. पण हा क्रम सगळ्यांना सांगू नका. कुटुंबाच्या गाडीत मागचे स्पीकर आधी बदलावेत आणि सब नसावाच, असं माझं स्पष्ट मत आहे.

साधा प्रवासी

ताईंच्या मताला शंभर टक्के सहमत. आणि गाडीबाहेरच्यांचंही बघा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. बारीक आवाज काच अडवते, बेस अडवत नाही. आमच्या सोसायटीत रात्री अकराला एक गाडी शिरली की तिसऱ्या मजल्यावर खिडकी थरथरते. आतल्याला गाणं ऐकू येतं, आम्हाला नुसते ठोके.

डिकीभर

@मागची सीट, तुमचा त्रास खरा आहे, पण त्याचं कारण सबचा गेन, म्हणजे त्याचा जोर ठरवणारं बटण. बरेच दुकानदार तो जास्तीत जास्त ठेवून देतात, कारण गिऱ्हाईक पहिल्या पाच मिनिटांत दणका शोधतं. मागच्या सीटवर बसून गेन लावायला सांगा. सब वेगळा ओळखू आला की तो जास्त आहे. क्रॉसओव्हरही (सब जिथून खाली वाजतो ती सीमा) ८० हर्ट्झच्या खाली उतरवा, बोलण्यावर येणारं ओझं तिथेच कमी होतं.

@साधा प्रवासी, सोसायटीच्या फाटकाशी आवाज बंद व्हायलाच हवा, ह्यात वाद नाही.

@खंबाटकीपार, १०० ते २०० हर्ट्झबद्दल तुमचं बरोबर असेल. माझ्याकडे तिथे थोडी पोकळी वाटते, मी ती रस्त्याच्या आवाजावर ढकलत होतो. तरी वीस हजारच असतील तर सब पहिला, ह्यावर मी ठाम आहे. रविवारी मी चिंचवडला बहिणीकडे येतोय. दोन्ही गाड्या शेजारी लावून ऐकू या का?

खंबाटकीपार

या. ह्या रविवारी मी पुण्यातच आहे. दोघांकडे एकच ध्वनिमुद्रण लावू, संथ विलंबित, तंबोरा ठळक असलेलं. इंजिन बंद ठेवून एकदा आणि महामार्गावर ८० च्या वेगात एकदा.

@मागची सीट, तुमचं वाचून काल आईला मागे बसवलं आणि माझ्या १८ वर लावलं. ती म्हणाली, शब्द कळत नाहीत. मी हे पाच वर्षांत तिला कधी विचारलं नव्हतं. मागची दारं ह्या महिन्यात उघडतो, डॅम्पिंग आणि सगळे भाग एकाच चौकटीत असलेले साधे कोअॅक्सियल. रविवारी आईलाही घेऊन येतो, दोन्ही गाड्यांत मागे बसायला.

@तारमिस्त्री, माझी तार खरवडून पाहिली. आत लालच आहे. पण फ्यूज ६० सेंटिमीटरवर निघाला, तो पुढे घेतोय.