आई सहा महिन्यांत दोनदा पडली, घरात नक्की काय बदलू?

ठाण्याचा_सांगलीकर:
आई ७४ वर्षांची, सांगलीला एकटी राहते. ठाण्याला चल म्हटलं की "तुमच्या त्या डबीत मला नाही करमत" हे ठरलेलं उत्तर. गणपतीत पडली तेव्हा मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर होतं. आता मागच्या आठवड्यात परत, पहाटे तीन साडेतीनला संडासला उठली तेव्हा. मला फोनवर एक अक्षर बोलली नाही, शेजारच्या काकूंनी कळवलं म्हणून समजलं, विचारलं तर "काही नाही रे, जरा पाय घसरला". शनिवारी जाऊन बघतो तर कमरेपासून मांडीपर्यंत काळंनिळं. एक्सरे काढला, नशिबाने हाड शाबूत आहे.

घर जुनं, शहाबादी फरशी, बाथरूमला तेवढ्या नवीन गुळगुळीत टाइल्स. संडास मागच्या पडवीत, मध्ये दोन उंबरे. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत आणि रात्री अर्धी झोपेची गोळी (ही मला आत्ता कळली, बाबा गेल्यापासून म्हणजे चार वर्षं घेतेय!!). मी लगेच अँटीस्किड मॅट, नाईट लॅम्प वगैरे ऑर्डर केलंय. ती आता घाबरून कुठे जातच नाही, देऊळ बंद, भाजीवाला दारात येतो. मला वाटतं एका अर्थी बरंच आहे, निदान पडणार तरी नाही. अजून काय करू?

फिजिओताई:
शेवटच्या वाक्यापासून सुरू करते कारण तिथेच घोळ आहे. माणूस बसून राहिलं की आधी मांड्यांची ताकद जाते, मग तोल, आणि मग ते घरातल्या घरात पडतं. आईंना घरात बसवू नका.

दुसरं, मॅट घेण्याआधी नीट विचारा की पडायच्या आधीच्या क्षणी काय झालं. पाय घसरला, कशात अडकला, का उठल्याबरोबर डोळ्यापुढे अंधारी आली? म्हातारी माणसं सगळ्यालाच "घसरलं" म्हणतात, त्यात लाज कमी वाटते. पहाटे तीनला, बीपीची गोळी आणि वर झोपेची गोळी पोटात असताना, मला तरी अंधारीचाच संशय येतोय. घरी बीपी मशीन असेल तर पाच मिनिटं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घ्या, शेजारी धरायला कुणीतरी उभं पाहिजे. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, झोपेची तर अजिबात नाही, ती हळूहळूच कमी करतात.

आणि एक घरी करता येण्यासारखं. खुर्चीतून उठून १० फूट चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, तुम्ही मोबाईलवर वेळ लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागली तर पडायचा धोका आहे असं धरतात. व्यायाम म्हणजे फार काही नाही हो, ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, खुर्चीतून हात न टेकता उठबस. न्यूझीलंडमध्ये ओटागो म्हणून घरी करायचा असाच कार्यक्रम तयार झाला, त्याने पडण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने कमी झालेलं दिसलं. पण आठवड्यातून तीन वेळा आणि महिनोन् महिने करावं लागतं, तिथेच सगळे ढेपाळतात.

मोरीवाला:
मॅट राहू दे, आधी घरातली पायपुसणी उचला. आमच्याकडे जुन्या साडीची घडी घालून बाथरूमच्या दाराशी टाकायचे, टाइलवर ती सायकलसारखी पळते, माझी आत्या त्याच्यावरूनच गेली सरळ मोरीत. दुसरं म्हणजे टॉवेलचा रॉड म्हणजे धरायची दांडी नव्हे, त्याचे दोन छोटे स्क्रू असतात, माणसाच्या वजनाने उपटून हातात येतो. दांडी विटांच्या भिंतीत अँकर फास्टनर मारून बसवून घ्या, मिस्त्रीला सांगा बसवल्यावर स्वतः लटकून दाखव. आंघोळीला ती पातळ प्लास्टिकची खुर्ची नको, ओल्या टाइलवर पाय फाकतात तिचे. आणि आतून कडी लावायची नाही, हे ऐकणार नाहीत पण सांगत राहायचं.

आबा_८१:
मी स्वतः दोनदा पडलोय त्यामुळे माझा अधिकार आहे बोलायचा. तुझी आई तुला का सांगत नाही ते सांगतो. सांगितलं की तुम्ही मुलं घर विकायच्या गोष्टी काढता. मी पण नव्हतं सांगितलं, कोपर खरचटलं होतं तर सुनेला म्हटलं दाराची फळी लागली. तेव्हा जाऊन पहिलं वाक्य "आता बास झालं, चल ठाण्याला" हे बोलू नकोस.

काठी म्हातारपणाची खूण म्हणून मी दोन वर्षं घेतली नाही, मूर्खपणा. घेतली ती पण चुकीच्या हातात. माझा उजवा गुडघा दुखतो म्हणून मी उजव्या हातात धरायचो, नंतर कळलं काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात पाहिजे. हात सरळ सोडला की मनगटाच्या घडीपर्यंत मूठ आली पाहिजे. खालचं रबरी बूच झिजलं की बदलायचं, ते गुळगुळीत झालं की काठीच आधी घसरते.

कट्टा_मेंबर:
कॅल्शियम चालू करा आणि तिळाच्या तेलाने मालिश, आमच्या आजीला फरक पडला.

वहिनी_नाशिक:
वरच्या दादांना राग येईल पण पडल्यावर सूज असेल, पाय टेकवत नसेल तर मालिश अजिबात नको. पाय आखूड वाटत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असेल तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. उठवून बसवू नका, आहे तसं ठेवून १०८ ला फोन करा. खुब्याचं ऑपरेशन एक-दोन दिवसांत झालेलं बरं असतं, "वय झालंय, बघू" करत आठवडा घालवला तर अंथरुणच धरतात.

सांगलीकर, तुमच्या पोस्टमधलं मनगट कुणीच कसं धरलं नाही? उभ्या उभ्या पडून मनगट मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ असायची दाट शक्यता. डेक्सा (हाडांची घनता मोजायची तपासणी) करून घ्या, पुढचा नंबर खुब्याचा लागू नये म्हणून. नुसत्या कॅल्शियमने भागेल का औषध लागेल ते त्यावर ठरेल.

आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? माझे सासरे ती घ्यायचे. पडले, डोक्याला छोटं टेंगूळ आलं, चहा पिऊन पेपर वाचत बसले. तीन आठवड्यांनी दुपारभर झोपायला लागले, शर्टची बटणं चुकायला लागली, आम्ही म्हटलं वय. सीटीत मेंदूभोवती रक्त साठलेलं निघालं. पहिल्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं होतं.

ठाण्याचा_सांगलीकर:
तीन आठवड्यांनी लिहितोय. रक्त पातळ करायची गोळी नाहीये. बीपी घेतलं, झोपून १४८ आणि उभं राहून एक मिनिटाने ११८!! तेव्हा कुठे आई म्हणाली, "हो, तसं जरा गरगरलं होतं." डॉक्टरांनी बीपीची एक गोळी बदलली, झोपेची पाव करून दीड-दोन महिन्यांत बंद करू म्हणाले. डेक्सात हाडं ठिसूळ निघाली, त्याचं औषध चालू झालं. दहा फुटांना १७ सेकंद लागली, ते बघून ती माझ्यावरच चिडली, "तू घड्याळ लावलंस म्हणून". आता काकू आणि ती मिळून ओट्यापाशी टाचा उचलतात. रात्रीसाठी खोलीतच खुर्चीचा कमोड ठेवला, त्यावर दोन दिवस अबोला होता. आबा, ठाण्याचं नाव काढलं नाही, देऊळ परत चालू झालंय.

बाथरूमला दांडी पण बसवली. सध्या तिने त्यावर पंचा वाळत घातलाय.

मोरीवाला:
पंचा आधी काढा. घाईत पंच्यावरून धरलं तर हात सटकतो. शेजारी एक खिळा मारून द्या त्यांना वाळत घालायला.